मध्ये धरलेलं पुस्तक

काल रविवारच्या उपासनेला देवळात समोरच्या बाकावर मार्थाबाईंनी गीतांच्या पुस्तकाचं भलतंच पान काढलं. शेजारच्या सुनंदाबाईंनी आपलंच पुस्तक हळूच दोघींच्या मध्ये धरलं, ओळीवर बोट ठेवलं आणि दोघी गाऊ लागल्या.

माझ्या शेजारी पूर्वी याकोब बसायचा. त्याचंही एकदा असंच पान चुकलं, तर मी भर उपासनेत म्हणालो, "याकोबा, आधी वाचायला शीक." मी स्वतः कसाबसा दुसरी पास.

"बरं, दादा," एवढंच तो म्हणाला.

चूक त्याचीच होती, हे मी अजूनही म्हणतो. पण तेव्हापासून तो मागं बसतो आणि या बाकावर मी एकटाच गातो.

येत्या रविवारी मागं जाईन म्हणतो. माझं पुस्तक घरीच ठेवीन. याकोबानं त्याचं मध्ये धरलं, तर गाईन.