पूजेच्या सामानात 'मळा'

नवनगरात माझं सायबर कॅफे होतं तेव्हा एक निवृत्त मास्तर रोज अकराला यायचे. चपला दाराबाहेर काढायचे, कॉम्प्युटरसमोर ताठ बसायचे आणि विचारायचे, "अक्का, आपलं पुस्तक आज कुठं ठेवलंय, बघा की."

पदरचे पैसे घालून त्यांनी आपल्या शेतीच्या आठवणी छापल्या होत्या. नाव 'मळा'. पण ऑनलाइन दुकानात नाव इंग्रजी अक्षरांतच घालावं लागे, आणि त्यांत ळ कुठला? 'मळा'ची झाली 'माला', आणि पुस्तक जाऊन बसलं पूजेच्या सामानात, रुद्राक्षांच्या शेजारी.

मास्तरांनी माझ्याकडून अकरा तक्रारी टाइप करून घेतल्या. सांगताना ते ळ असा काही ठासून म्हणायचे, की कॉम्प्युटरलाही लाज वाटावी. उत्तर मात्र दर वेळी तेच यायचं : आपल्या मालेबद्दल धन्यवाद.

शेवटी एक प्रत खपली आणि आठवड्यात परतही आली. ती घेऊनच मास्तर आले. आत गिऱ्हाइकाची चिठ्ठी होती, 'यात मणी नाहीत.'

मी हसू दाबलं. मास्तर पानं चाळत होते. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता.

"बेचाळीस पानं वाचलीत की हो त्यानं!"

मी बारावी तक्रार लिहायला घेतली, तर त्यांनी हात आडवा केला.

"राहू द्या, अक्का. हुबळीत पुस्तकांच्याच दुकानात ठेवलं होतं. तिथं वर्षभर कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही."