सुनेच्या हातातली पपई

मीच आणलेली, मीच चिरलेली पपई मी सुनेच्या हातातून हिसकावली आणि तिच्या बशीतल्या उरलेल्या फोडींसकट खाऊन टाकली. समोर खाप्याहून आलेली माझी थोरली बहीण बसली होती. तिचा घास तोंडातच थांबला.

खरं तर पपई हा माझा सापळा होता. दिवस गेलेल्या बाईला आमच्याकडे पपई देत नाहीत. सुनेने खाल्ली तर माझा संशय खोटा, बाजूला सरकवली तर खरा, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण तिने फोड खरंच तोंडाजवळ नेली आणि धीर सुटला तो माझाच.

संशय बऱ्याच दिवसांचा. लसणाची फोडणी पडली की सून नाकाला ओढणी लावून गॅलरीत जायची. चहाशिवाय जिचे डोळे उघडत नसत, तिचा कप साय धरून तसाच पडलेला. बसल्या जागी डुलक्या. आधी वाटलं, कावीळ असेल. मग वाटलं, नवराबायकोत बिनसलंय. पण मुलगा तर हिंगण्याची ड्यूटी संपली की सरळ घरी, आणि येताना खिशात चिंचेच्या गोळ्या. एका सकाळी माझ्या बायकोने सुनेला उठल्याउठल्या वाटीभर कोरडे मुरमुरे दिले. आमच्या मुलाच्या वेळी माझ्या आईने बायकोला असेच दिले होते.

तरी मला कोणी सांगेना. मी खोलीत शिरलो की बोलणं वांग्याच्या भावावर यायचं.

मागच्या वर्षी दुसरा महिना लागतो न लागतो तोच बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली होती. कोणी टाकली ते विचारू नका. पुढे ते राहिलं नाही. आणि ज्यांच्यापर्यंत तेवढं पोचलं नव्हतं, त्यांचे आनंदाचे फोन येतच राहिले. एक काकू तर डिंकाचे लाडू घेऊन आल्या. सुनेने डबा हसत घेतला आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. तसं पुन्हा व्हायला नको होतं.

"काहून गा," बहीण म्हणाली, "पोरीच्या हातातली पपई काहून ओढली तुनं?"

"मले डॉक्टरनं सांगितली हाये. पोट साफ राहत नाही."

"तुह्या पोटात तसंही काही राहते का?"

सून खोकत आत गेली. खोकला की हसू, कळलं नाही. बहीण मात्र तिच्याकडे नाही, माझ्याकडेच टक लावून पाहत होती.

तिला बसमध्ये बसवून आलो तो घाबराच. "ताईले संशय आला," मी बायकोला म्हणालो, "आता साऱ्या खाप्यात बोभाटा होईल. मी सावरायला गेलो, पण..."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "ताईले पोरीनं सोताच फोन करून सांगितलं जी. मागच्या वेळी त्याच तर काही न विचारता तिच्याजवळ बसून राहिल्या होत्या. ताईनं एकच अट घातली, माह्या भावाले इतक्यात कळू देऊ नका."