मुक्कामी गाडीची पोपटी

पेणच्या स्टँडवर दिनानाथ ठाकूर कोण म्हणून विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘मुक्कामी गाडीचे मास्तर’ म्हणा, चहावालासुद्धा घर दाखवील. तीस वर्षं या गृहस्थांनी संध्याकाळच्या पेण-रोहा गाडीवर कंडक्टरकी केली. रात्री रोह्याला मुक्काम, सकाळी परत. आवाज असा, की ‘पुढे सरका’ म्हटल्यावर सीटवर बसलेली माणसंही सरकायची.

नोव्हेंबरात ते निवृत्त झाले आणि जानेवारीच्या शेवटी त्यांना पेण सोडायचं होतं, कायमचं. एकुलती मुलगी ऋतुजा कोइमतूरला नोकरीला. तिने तिथे घर घेतलं, आईबाबांची खोली रंगवून घेतली, गॅलरीत तुळससुद्धा आणून ठेवली. आता नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. लतिकाबाई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या, आणि मास्तर रोज संध्याकाळ झाली की घरातून गायब.

“अहो, आज कुठे?” त्या विचारायच्या.

“पोपटीला.”

“कालच जाऊन आलात ना?”

“ती सोसायटीची होती. आजची गडब गावची.”

पोपटी म्हणजे काही सोहळा नव्हे. थंडी पडली, भात निघालं, की आमच्याकडे त्याच शेतात वाल शेंगांनी लगडतो आणि बांधावर भांबुर्ड्याचा पाला फुकट माजतो. मडक्याच्या तळाला तो पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, जाडं मीठ आणि ओवा. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. एवढ्यासाठी माणसं मुंबईहून सुट्टी टाकून येतात, आणि न आलेल्यांना फोटो पाठवून जाळतात.

मास्तरांच्या नशिबात मात्र हे कधी नव्हतंच. गावोगावची माणसं बोलवायची, “मास्तर, या हो पोपटीला,” पण शेकोट्या पेटायच्या तेव्हा मास्तर गाडीत. साप्ताहिक सुट्टी सोमवारची, आणि सोमवारी अंडी-कोंबडी घालून मडकं कोण लावणार? कुणीतरी खिडकीतून पुडी द्यायचं, ती ते रोह्याला पोचल्यावर गार खायचे. पोपटी त्यांना ठाऊक होती ती चालत्या गाडीतून दिसणारी. काळोखात दूरवर एक लाल ठिपका, पुढे दुसरा, आणि खिडकीतून आत शिरणारा भांबुर्ड्याचा वास.

त्यात एक जाळ वेगळा होता. खांब गाव सोडलं की डाव्या हाताला, रस्त्यापासून आत, एकट्या शेतात. गाडी तिथे आली की ड्रायव्हर सखा जोशी हॉर्न द्यायचा, आणि गाडी जरा पुढे गेली की त्या जाळापाशी कुणीतरी पेटती झावळी उंच धरायचं आणि डावीउजवीकडे हलवायचं. दरवर्षी, अख्खा हंगाम. सखा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, तेव्हा मास्तरांनी नव्या ड्रायव्हरला सांगून ठेवलं, इथे हॉर्न द्यायचा. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

तीस वर्षांत हजारो माणसं चढली, उतरली. रोहेकर त्यांना पेणचे समजायचे, पेणकर रोह्याचे. आपण कुठल्याच गावचे झालो नाही, नुसते रस्त्याचे राहिलो, असं त्यांना अलीकडे फार वाटायचं. या सगळ्या मुलखात आपल्याला हात करणारं एकच माणूस, आणि त्याचं तोंड न बघता कोइमतूर गाठायचं? ते त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं.

आधी सोसायटीची पोपटी झाली. कागदी प्लेटी, स्पीकरवर गाणी, निम्मं लक्ष मोबाईलमध्ये. पण मडकं सुलटं करून पाला ओढला आणि जी वाफ उठली, तिच्यापुढे सगळ्यांचे मोबाईल खिशात गेले. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा गरम शेंग सोलली. हिरवा वाल मेणासारखा मऊ, त्यात ओवा आणि धूर. “असं असतं होय हे,” ते पुटपुटले, आणि साठीला टेकलेला माणूस शाळकरी पोरासारखा बघत उभा राहिला.

गडबची पोपटी हितेशच्या शेतात. हितेश कंपनीत शिफ्टला जाणारा, मास्तरांच्या गाडीचा जुना पासवाला. तिथे बोटं चाटता चाटता मास्तरांनी खांबपुढच्या जाळाची गोष्ट काढली.

“एकटं शेत? चिंचेच्या बाजूला?” हितेश म्हणाला. “मास्तर, ती आमची आत्या. बायजा आत्या.”

मास्तरांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

ट्रक सोमवारी येणार होता. रविवारी संध्याकाळी हितेशने त्यांना बाइकवर बसवलं आणि खांबला नेलं. बायजाबाई सत्तरी ओलांडलेली, तरतरीत बाई. पेंढा लावत होती. हितेशने ओळख करून दिली तशी ती कमरेवर हात ठेवून मास्तरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळत राहिली.

“मुक्कामी गाडीचा मास्तर? तू व्हय? आरं, तुला किती शिव्या घातल्यान मी.”

मास्तर गडबडले. तीस वर्षं मनात जपलेली भेट अशी सुरू होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“बाई, तुम्ही झावळी दाखवायचात ना? मला?”

“तुला?” बायजाबाई हसायला लागली. “तुला कशाला दावू? वरच्या वाडीला दावायचो. मडकं निघालं, खायाला या, म्हनून.”

आसपासची सगळीच हसली. मास्तरही हसले, पण आत काहीतरी खचकन तुटलं. तर आपल्याला कुणी हात केलाच नव्हता.

“आणि शिव्या कशाला?”

“मग? मडकं तुझ्या गाडीवर निघायचं ना. दिवेलागणीला जाळ लावायचा, आनि तुझी गाडी भोंगा देत गेली का मडकं काढायचं. माज्या सासऱ्यापासून तीच रीत. घड्याळ कुणाकडं व्हतं? गाडी लेट झाली का शेंगा करपायच्या. करपलेल्या तुझ्या नावानं बाजूला काढायचो. मास्तरचा वाटा म्हनून.”

“एका सालाला तर गाडीच नाय आली,” मागून कुणीतरी म्हणालं. “मडक्यात नुसता कोळसा.”

मास्तरांना ती संध्याकाळ आठवली. नागोठण्याच्या अलीकडे टायर फुटला होता. इथे माणसं मडक्याभोवती उपाशी बसून त्यांची वाट बघत होती, आणि याची त्यांना आजवर गंधवार्ता नव्हती.

“पण आता मोबाईल आहेत की.”

“एकदा त्याच्यावर वेळ लावला,” बायजाबाई तोंड वाकडं करून म्हणाली, “शेंगा कच्च्या. भोंगा ऐकल्याबिगर ह्या मंडळीची भूकच उघडत नाय. तू भोंगा द्यायचास, आमाला सांगायला, नाय का? मी समद्यांना सांगायची, गाडीतला मास्तर चांगला हाय, दरसाल सांगून जातो.”

मास्तर समजत होते, जाळ आपल्याला हात करतोय. ही मंडळी समजत होती, गाडी आपल्याला हाक मारतेय. दोन्हीकडची समजूत चुकीची, आणि तिच्यावर तीस वर्षं बिनचूक जेवणं झाली होती. एकाही पोपटीला आपण गेलो नाही म्हणून हळहळणारा हा माणूस इथल्या प्रत्येक पोपटीला हजर होता.

“यंदा मात्र गाडी मुकी झालीय,” बायजाबाई म्हणाली. “कुठली तुझी नि कुठली दुसरी, कळतच नाय.”

जाळ चढला. सगळी रस्त्याकडे तोंड करून बसली, मास्तरही. आणि मग त्यांना त्यांची गाडी दिसली. काळोखातून सगळ्या खिडक्या उजळलेल्या, आत उभी माणसं, एक हात वरच्या दांडीला. इतकी वर्षं तिच्या पोटात काढली, पण ती बाहेरून अशी सुंदर दिसते हे त्यांना माहीत नव्हतं. गाडी हॉर्न न देता निघून गेली. सगळी वळून मास्तरांकडे बघायला लागली.

मास्तर उठून उभे राहिले. “हीच. काढा मडकं.”

शेंगा अशा निघाल्या होत्या की पहिली मूठ सगळ्यांनी उभ्याउभ्याच संपवली. बायजाबाईने झावळी पेटवून त्यांच्या हातात दिली, आणि वरच्या वाडीला त्या दिवशी मास्तरांनी बोलावलं. निघताना तिने पुडी बांधून दिली. आत चार करपलेल्या शेंगा होत्या.

“तुझा वाटा,” ती म्हणाली. “आता तू चाललास लांब. फुडं कसं?”

सकाळी दारात ट्रक उभा आणि मास्तर डेपोत. लतिकाबाईंचा पारा चढलेला. मास्तरांच्या गाडीवर आता हर्षद नावाचा तरुण कंडक्टर होता, ड्रायव्हरही यंदा बदललेला. मास्तरांनी त्याला बाजूला घेऊन सगळं समजावलं. तो आधी हसला, मग मास्तरांचं तोंड बघून हसायचा थांबला. “सांगतो ड्रायव्हरला,” म्हणाला. तेवढ्यावर मास्तर पेणमधून निघाले.

फेब्रुवारीत, कोइमतूरच्या गॅलरीत ते दिवेलागणीनंतर उभे होते. खाली अनोळखी रस्ता, अनोळखी भाषेतल्या पाट्यांच्या बस. फोन वाजला, हितेशचा. पलीकडे जाळाचा तडतड आवाज, माणसांची कुजबुज, आणि मग दुरून, पण अगदी स्वच्छ, हॉर्न. खांबच्या रस्त्यावरचा.

“मास्तर,” बायजाबाईचा आवाज आला, “ऐकलास ना? काढू काय?”

पलीकडे सगळी खोळंबून होती, शेंगा करपायला आल्या होत्या. मास्तरांनी दांडीला धरावं तसा गॅलरीचा कठडा धरला आणि त्या जुन्या आवाजात सांगितलं, “काढा!”

शेजारच्या गॅलरीत कपडे काढणारी बाई, मराठीचं अक्षर न कळताही, दचकून दोन पावलं पुढे सरकली.