विंगेतलं स्टूल

दोनदा मी हे सांगायला तोंड उघडलं होतं. एकदा बायको मेथी निवडत बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसलो—आणि गॅसचा नंबर लावलास का, एवढंच विचारून उठलो. दुसऱ्यांदा मुलीला फोन लावला. ती "बोला बाबा" म्हणाली आणि मी मेसचं जेवण कसं आहे ते विचारलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ओळखीच्या चेहऱ्याकडे बघत हे बोलण्याइतका मी धीट नाही—असतो, तर ही वेळच आली नसती.

माझ्या मुलाबद्दल आहे हे. नाही—माझ्याबद्दल आहे. बघा, सुरुवातीलाच मी पुन्हा त्याच्यावर ढकललं.

आम्ही सोलापूरला राहतो. सात रस्त्याजवळच्या एका विमा कार्यालयात मी कारकून आहे. बायको सुनीता घरी शिकवण्या घेते. मुलगी पूर्वा लहानपणापासून नाटकात काम करते, आता पुण्यात शिकते. मुलगा आदित्य, आमचा आदू, तिच्याहून चार वर्षांनी लहान. तो स्वमग्न आहे. स्वतःचं असं तो फार थोडं बोलतो, पण ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचा. नुसते शब्द नाहीत, आवाजसुद्धा. स्टेशनवरची गाडी उशिरा येत असल्याची घोषणा, शेजारच्या काकूंचं खोकत खोकत "आलेच हं" म्हणणं—सगळं. पाहुणे आधी हसायचे, मग घड्याळ बघायचे.

तुम्हाला वाटेल, अशा मुलाच्या बापाला दुसऱ्या बापांचा हेवा वाटत असणार. वाटायचा की. शाळेच्या फाटकाशी मुलं बापाला दिवसभराचं काय काय सांगताना बघितली की मी आदूचं दप्तर घेऊन लगबगीनं निघायचो. पण तो हेवा मी चारचौघांत बोलून दाखवलेला आहे. लोक खांद्यावर हात ठेवतात, चहा पाजतात. मला सांगायचा आहे तो वेगळा.

त्याआधी नाटकाचं सांगायला हवं. मंद्रूप या माझ्या गावाहून कॉलेजसाठी सोलापूरला आलो तेव्हा मला नट व्हायचं होतं. हौशी मंडळींच्या तालमीला गेलो, दोन वाक्यं म्हणून दाखवली. दिग्दर्शक हसून म्हणाले, "तोंड उघडलं की मंद्रूप दिसतंय की रे! तू हितं बस, वही धर." सगळे हसले. मीही हसलो. आणि विंगेतल्या त्या स्टुलावर जो बसलो तो बावीस वर्षं बसलो. मी प्रॉम्प्टर झालो.

सोपं वाटतं ना—वहीत बघून वाक्य पुरवायचं? सोपं नाही. नट थांबला आहे की विसरला आहे, हे ओळखायचं असतं. थांबलेल्याला वाक्य दिलंत तर त्याचं काम मारलंत. विसरलेल्याला उशिरा दिलंत तर सगळ्या प्रेक्षकांना कळलं. मला हे जमायचं. माझं नाव कुणाला माहीत नसतं याचंच मला समाधान आहे, असं मी लोकांना सांगायचो. ते खोटं होतं, पण आजची गोष्ट ती नाही.

नसीम मॅडम मुलांची नाटकं बसवतात. त्यांच्याकडे सगळी मुलं येतात—चालणारी, न चालणारी, बोलणारी, न बोलणारी. पूर्वा तिथं जायला लागली आणि मी आपसूक प्रॉम्प्टर म्हणून जायला लागलो. संध्याकाळी सुनीताच्या शिकवण्या, म्हणून आदूही सोबत. तो माझ्या स्टुलाशेजारी फरशीवर बाटलीचं झाकण फिरवत बसायचा. वर्षभर बसला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, मीही नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आदू अकरा वर्षांचा होता. ऑफिसात ऑडिट होतं म्हणून मुलांना पुढं पाठवून मी उशिरा तालमीला पोचलो. बघतो तर माझ्या स्टुलावर आदू. हातात वही नाही. पूर्वा मध्येच अडली आणि आदूनं वाक्य दिलं—हळू, अगदी तिच्यापर्यंत पोचेल एवढंच. तेही नसीम मॅडमच्या आवाजात, कारण नाटक पहिल्यांदा वाचून दाखवलं होतं ते त्यांनी. अख्खं नाटक त्याला पाठ होतं. सगळ्यांची वाक्यं.

मॅडम मला बघून ओरडल्याच, "भाऊ, हा तर तुमच्याहून हुशार निघाला की!"

आनंदानं म्हणाल्या त्या. घरी कळलं तेव्हा सुनीता रडली. तिनं शिरा केला. "बघा की, माझ्या लेकराला कुणीतरी बसायला जागा दिली," म्हणाली. मी शिरा खाल्ला. जागा कुणाची होती, हे मी म्हणालो नाही. असं म्हणतो का कुणी?

त्यानंतर मी पाठीमागं उभा राहायला लागलो. पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे, वही माझ्याकडे, स्टूल त्याच्याकडे. मुलं येतानाच विचारायची, "काका, आदू आलाय न्हवं?" आलेला असला की निवांत व्हायची. एक जण तर म्हणाला, "काका लई मोठ्यानं सांगतात. मागच्या रांगेतल्या आजीलाबी पाठ होतंय!" हशा झाला. मी त्या पोराला टपली मारली, मीही हसलो. बावीस वर्षांनीही हसायचं मला चांगलं जमत होतं.

आदूला कसं कळतं ते बघायला मी त्याच्या नजरेमागं नजर लावली. तो पूर्वाच्या पायाकडे बघायचा. ती नुसती थांबली असली की पाऊल जमिनीवर असायचं, विसरली की उजव्या पायाचा अंगठा वर व्हायचा. माझी स्वतःची मुलगी—आणि हे मला माहीत नव्हतं. माझे डोळे कायम वहीत.

आता सांगतो. मला माझ्या मुलाचा हेवा वाटायला लागला. अकरा वर्षं दवाखाने केले, शाळा पालथ्या घातल्या, देवापुढं उभं राहून मागितलं की या पोराला कुणीतरी, कशाला तरी बोलावू दे. बोलावलं. आणि बापाला ते बघवेना. एका बुधवारी मी त्याला घरीच ठेवलं, मॅडमना सांगितलं की सर्दी झालीय. एकदा मुद्दाम लांबून, बाजारातून फिरवत नेलं, अर्धी तालीम होऊन गेली. तो वाटभर माझा हात ओढत होता. त्याला कळत होतं, उशीर होतोय.

बालनाट्य स्पर्धेतला आमचा प्रयोग दुपारचा होता. नाटक साधंच—चिमी नावाच्या मुलीची शेळी हरवते, ती शोधत फिरते. पहिल्या प्रवेशात गाव. दुसऱ्यात ती एका म्हातारीच्या दाराशी येते, म्हातारी तिला आपली गोष्ट सांगते. तिसऱ्यात शेळी सापडते. चिमी पूर्वा होती. म्हातारी झाली होती लक्ष्मी, नऊ वर्षांची, चादरी विणणाऱ्या तेलुगू घरातली. एका पायात पट्ट्या लावून चालायची. तिला तेवढा एकच प्रवेश. तिची आजी नवं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसली होती.

पूर्वा दाराशी आली. "आजी, दार उघड," एवढं म्हणायचं होतं. थांबली. अंगठा वर झाला. मी बघितला—आता मलाही ते कळत होतं. आदू स्टुलावरून पुढं झुकला. आणि मी मागून त्याच्या तोंडावर हात ठेवला.

त्याला अचानक झालेला स्पर्श सोसत नाही. हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मला वाक्य द्यायचं होतं. त्याच्यासारखं—वहीत न बघता. दिलं. "सापडली! ती बघा, चिंचेखाली!"

हे तिसऱ्या प्रवेशातलं वाक्य. शेळी सापडते तेव्हाचं. पूर्वानं घेतलं, विंगेतून जे येईल ते घ्यायचं, हे मीच तिला शिकवलेलं. तिनं म्हटल्याबरोबर गावकरी झालेली मुलं शेळी घेऊन नाचत आत आली. मधला प्रवेश गेला. दाराच्या मागं डोक्याला कापूस लावलेली लक्ष्मी काठी धरून उभी होती, ती तशीच उभी राहिली. पडदा पडला.

वाक्य मी मुद्दाम चुकवलं का? नाही. तोंडावर हात मुद्दाम ठेवला का? हो.

मेकअपच्या खोलीत नसीम मॅडमनी रागानं नाही, थकून विचारलं, "काय झालं नेमकं?" आणि सगळ्यांनी आदूकडे बघितलं—स्टुलावर तोच बसला होता. तो कान दाबून भिंतीशी डुलत होता. दोनच शब्द म्हणायचे होते—"मी दिलं." बावीस वर्षं दुसऱ्यांना त्यांचे शब्द दिले मी. पण मी म्हणालो, "लहान आहे हो. गोंधळला." आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तोच हात.

मॅडम म्हणाल्या, "असू दे. माझंच चुकलं, एवढं ओझं टाकायला नको होतं पोरावर. पुढच्या खेपेला वही तुम्हीच धरा, भाऊ."

लक्ष्मीची आजी तेवढ्यात आत आली. तिला मराठी बेताचंच यायचं. नातीच्या गालावर रंगवलेल्या सुरकुत्या बघून तिनं पूर्वाला विचारलं, "हिचं काम कवा हाय?"

पूर्वाला रडू फुटलं. आणि मला, खरं सांगतो, आत कुठंतरी हलकं वाटत होतं. वही पुन्हा माझ्याकडे आली होती.

हे इथंच संपलं असतं तर कदाचित मी सांगूही शकलो असतो. पण त्याच संध्याकाळी आदू जेवताना म्हणाला, "सापडली! ती बघा, चिंचेखाली!"

माझ्या आवाजात. शेवटचं अक्षर ओढून, मंद्रूपचा हेल काढून—तोच, ज्याच्यावर सगळे हसले होते. माझा घास हातातच राहिला. आता कळणार, वाटलं. ऐका की, कुणाचा आवाज आहे तो! पण पूर्वा ओरडली, "आई, गप कर ना त्याला! चुकला तो चुकला, वर आणि तेच तेच!" सुनीता म्हणाली, "जाऊ दे गं. त्याला काय कळतंय?"

तो दिवसातून पन्नास वेळा म्हणायचा. सकाळी दात घासताना, रिक्षात, शाळेच्या दारात. घरातलं एकच माणूस खरं बोलत होतं, आणि घर त्याला गप्प राहा म्हणत होतं. स्पीच थेरपीच्या मॅडमना आम्ही विचारलं. तेच वाक्य थांबत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, म्हणेल तेव्हा लक्ष देऊ नका, गप्प राहिला की आवडीचं काहीतरी द्या. घरात हे कोण करणार? मी करतो म्हणालो. सुट्टी काढली त्यासाठी. क्रीमचं बिस्कीट, अर्धं अर्धं. दहा मिनिटं गप्प राहिला की अर्धं. वाक्य निघालं की मी तोंड फिरवायचो. तो माझ्यासमोर येऊन, माझ्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणायचा—मी तोंड फिरवायचो.

तीन आठवड्यांत थांबलं. सुनीता म्हणाली, "तुमच्यासारखी चिकाटी मला नसती जमली."

त्या वाक्याबरोबर बाकीचंही गेलं. स्टेशनची घोषणा गेली, काकूंचा खोकला गेला. आता पाणी हवं, शी आली, नको—एवढंच बोलतो. थेरपीच्या मॅडम म्हणतात, वयानुसार होतं असं काही मुलांत. मी मान डोलावतो.

पूर्वा पुण्यात मित्रमैत्रिणींना ही गोष्ट रंगवून सांगते—आमच्या आदूनं अख्खी म्हातारी गायब केली म्हणून. दिवाळीत तिच्या दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या, त्यांच्यासमोरही सांगितली. सगळे हसले. मी कसा हसलो असेन, ते तुम्हाला आता माहीत आहे. लक्ष्मी त्यानंतर नाटकाला आली नाही.

मागच्या गुरुवारी नसीम मॅडम घरी आल्या होत्या. नवी मुलं घेऊन तेच नाटक पुन्हा बसवतायत. चहा पिता पिता म्हणाल्या, "आदूला आणा की भाऊ तालमीला. मोठा झालाय आता. चुकलं तर चुकलं, त्यात काय!" सुनीता माझ्याकडे बघायला लागली. आदू आतल्या खोलीत होता. तालीम हा शब्द त्याच्या कानावर पडला असणार, कारण तो बाहेर आला तो पायात चपला घालूनच, आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

मी म्हणालो, "नको मॅडम. त्याला गर्दी सोसत नाही."

मॅडमनी पुन्हा आग्रह केला नाही. सुनीतानं खाली बसून त्याच्या चपला काढल्या.

तालीम सहाला होती. मी साडेपाचला वही घेऊन एकटाच निघालो.