तोंडावर बोट

गल्लीत तिला काजवाली म्हणत. शिंप्याकडून शर्ट आणून घरी काजं-बटणं करायची. बिनआवाजाचं काम, म्हणूनच तिनं ते धरलं होतं. घर म्हणजे एक खोली आणि नवरा रात्रपाळीचा रखवालदार. सकाळी येऊन पडायचा तो संध्याकाळीच उठायचा. एकदा ड्युटीवर डुलकी लागली आणि नोकरी जाता जाता राहिली, तेव्हापासून त्याची झोप म्हणजे घरातलं दैवत. ती मोडली की तो घर डोक्यावर घ्यायचा.

मुलगी मात्र जन्माची बडबडी. चार वर्षांची असताना तिची टकळी थांबायची नाही. गाठ मारली की दोरा आखूड का होतो? अंधारात रंग कुठे जातात? काजवाली ओठांवर बोट ठेवायची. "बाबा झोपलेत. नंतर सांगते." तो नंतर कधी उजाडलाच नाही. खरं सांगायचं तर उत्तरं तिलाही ठाऊक नव्हती, आणि बोट ठेवणं सोपं होतं.

शाळेत सत्तर पोरं आणि एक बाई. हाताची घडी, तोंडावर बोट. ही विद्या पोरगी घरूनच शिकून आलेली. पालकसभेत बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "मुलगी असावी तर अशी. हूं नाही की चूं नाही." काजवालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपण वळण कसं लावलं, हे ती शेजारणीला वर्षभर ऐकवत होती, बिचारी.

चौथीत नवे सर आले. त्यांनी काजवालीला बोलावून घेतलं.

"पाढे तोंडपाठ आहेत, अक्षर मोत्यासारखं. पण 'तुला काय वाटतं' असं विचारलं की नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहते. घरी बोलते का?"

पोरीचा शेवटचा प्रश्न कधी ऐकला, तेच काजवालीला आठवत नव्हतं. घरी येईपर्यंत तिला कळून चुकलं होतं. हे आपणच केलं, आपल्याच हातानं.

महिनाभर भांडून तिनं नवऱ्याला दिवसपाळी घ्यायला लावली. पहिल्याच दुपारी तिनं सुई बाजूला ठेवली आणि पोरीला जवळ बसवलं.

"आता कितीही मोठ्यानं बोल. काय विचारायचं ते विचार."

पोरगी ताठ बसली. बराच वेळ आईच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली, आणि सापडलं नाही तशी घाबरली.

"काय विचारू ते तू सांग ना," ती हळूच म्हणाली, "मी पाठ करते."