डोक्यावर वजन नको

लातूरला कोचिंगसाठी आलेल्या मुलींना आम्ही वरची खोली दिली, तेव्हा एसी बसवायला एक उतारवयाचे चाचा आले होते. जिना चढून ते दमले होते. आधी त्यांनी मेन स्विच बंद केला, मग बोटांनी भिंत ठोकून बघत राहिले.

"पलंगाच्या वरच लावा, चाचा," मी म्हणाले.

"न्हाई ताई. झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर वजन न्हाई टांगत मी. भूकंपात माझी पोरगी झोपेतच गेली. दगडाची भिंत पडली तिच्यावर."

त्यांनी दाराकडच्या भिंतीवर एसी बसवला आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिला. मग मेन स्विच चालू केला, तसा गार वारा सुटला. इतक्यात मुली क्लासहून आल्या.

"निवांत झोपा, बेटा," चाचा त्यांना म्हणाले.

बाहेर अजून भरदुपार होती.