दुकानाच्या धुनेचा शेवट

जपानमधल्या हामामात्सूच्या आमच्या पोस्टात तिकिटं विकणाऱ्या सुमिएताईंनी लहानपणच्या व्हिडिओ गेममध्ये दुकानात शिरलं की वाजणारी धून पियानोवर चार हातांसाठी बसवली. साथीला थोरला भाऊ तेत्सुरो. अडचण एकच होती. गेममधली धून कधी संपत नाही, गोल फिरत राहते, आणि रविवारी गावच्या सभागृहातल्या कार्यक्रमात हसं व्हायला नको असेल तर ती कुठेतरी थांबायला हवी. ताईंनी तीन शेवट लिहिले.

"हा लग्नातला वाटतो," तेत्सुरो म्हणाला. "आणि हा तर शाळा सुटल्यासारखा."

"मग तूच लिही की, दादा! जन्मभर नुसती नावं ठेवलीस."

धुनेच्या तिसऱ्या फेरीला ताईंनी मान हलवायची आणि दोघांनी थांबायचं, एवढंच शेवटी ठरलं.

रविवारी ताईंनी मान हलवली. दादा डोळे मिटून वाजवत होता. चौथी फेरी झाली, पाचवी झाली. ताईंचे कान लाल झाले.

तेवढ्यात पहिल्या रांगेत डुलक्या घेणारी त्यांची म्हातारी आई दचकून ओरडली, "अरे, बंद करा ते आता! जेवण गार होतंय!"

चारही हात एकदम वर गेले, चाळीस वर्षांपूर्वी गेमच्या बटणांवरून उठायचे तसेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी ताईंनी वहीतले तिन्ही शेवट खोडले आणि खाली लिहिलं, 'इथे आई.'